मनूच्या पोटातला जंतू आणि पुण्याला नेलेला तुकडा

लहान पोराचं पोट दुखतंय म्हटलं की सांगलीत सल्ल्यांना तोटा नाही. ओवा चावायला द्या, बेंबीभोवती हिंग लावा, जंताचं औषध पाजा, दृष्ट काढा. मी मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहे, त्यामुळं दुधातून हळद देण्याचा सल्ला माझ्या वाट्याला इतरांपेक्षा जरा जास्तच आला. हे सगळं आम्ही करून पाहिलं. त्यानं बिघडलं काही नाही, पण मनूचं दुखणंही गेलं नाही.

मनू आमची थोरली, पाचवीत आहे. शाळा बुडवायची असली की पोट सकाळी दुखतं, हे कुठल्याही आईबापाला कळतं. हिचं रात्री दुखायचं. बरगड्या जिथं संपतात तिथं हात दाबून झोपेतून उठून बसायची, कधी उलटी व्हायची, आणि दोन बिस्किटं खाल्ली की थोडा वेळ बरं वाटायचं. वजन वर्षभर जागचं हललं नाही. हिमोग्लोबिन नऊच्या खाली, आणि लोहाचं टॉनिक महिनोन्‌महिने घेऊनही ते वर येईना. "हे साधं दुखणं नाही," असं बायको पहिल्यापासून म्हणत होती.

एका दवाखान्यात रक्त तपासलं. एच. पायलोरी नावाच्या जंतूच्या अँटिबॉडी सापडल्या म्हणून सात दिवसांचं किट मिळालं. त्यात आम्ल कमी करणारी एक गोळी आणि दोन अँटिबायोटिक, अमॉक्सिसिलिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन. मनूनं ते नेमानं घेतलं. थोडे दिवस झोप लागली आणि मग पुन्हा तेच सुरू. परत गेलो तर तेच किट आणखी एकदा घ्यायला सांगितलं. चिठ्ठी घेतली, औषध घेतलं नाही आणि मिरज गाठली.

मिरजेला डॉक्टरांची वाण नाही. मिशनरी डॉक्टर विल्यम वानलेस यांनी १८९४ साली इथं दवाखाना उभा केला, तेव्हापासून कोकणातली आणि कर्नाटकातली माणसं गाठोडी घेऊन इथं उपचाराला उतरतात. पण मुलांच्या पोटाचे खास डॉक्टर म्हणजे वेगळंच प्रकरण. आम्ही ज्यांना दाखवलं ते महिन्यातल्या ठरलेल्या दिवशी पुण्याहून येतात आणि त्या दिवशी तिथं पाय ठेवायला जागा नसते. नंबर लावायला पहाटे माणूस पाठवावा लागतो.

हिशेबाचं काम करणाऱ्याला कागद टाकवत नाही. मनूच्या जन्मापासूनच्या चिठ्ठ्या, मेडिकलची बिलं, लसीकरणाचं कार्ड, सगळं मी एका बॉक्स फाईलमध्ये तारीखवार लावून ठेवलंय. घरात त्यावरून माझी चेष्टा होते. डॉक्टरांनी ती फाईल उघडली आणि मनूचं पोट तपासायला जेवढा वेळ घेतला त्याहून जास्त वेळ ती चाळत बसले. "बाबा, ही तुम्ही ठेवलीय?" म्हणाले. मग एका कोऱ्या कागदावर उभ्या दोन रेघा मारून तीन रकाने केले.

पहिल्या रकान्यात अझिथ्रोमायसिन. दर हिवाळ्यात खोकला, दर खोकल्याला तीन दिवसांची बाटली. दुसऱ्यात मेट्रोनिडॅझोल आणि ऑर्निडॅझोल, म्हणजे जुलाबाची औषधं. तिसऱ्यात ओफ्लॉक्सासिन, जे ऑर्निडॅझोलबरोबर एकाच बाटलीत येतं. पोराला जुलाब लागले की आपल्याकडं मेडिकलवाला न विचारता जी काढून देतो, तीच बाटली. बऱ्याच नोंदींना डॉक्टरची चिठ्ठीच नव्हती, नुसतं बिल. पेन्सिल फिरत राहिली आणि रकाने खाली सरकत राहिले. बायको माझ्याकडं बघत होती, मी कागदाकडं.

मग त्यांनी सांगितलं ते असं. अझिथ्रोमायसिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन एकाच कुळातली औषधं. ऑर्निडॅझोल मेट्रोनिडॅझोलच्या कुळातलं, ओफ्लॉक्सासिन लिव्होफ्लॉक्सासिनच्या. आणि पोटातल्या ह्या जंतूवर जी मोजकी औषधं चालतात, त्यात ही तिन्ही कुळं येतात. खोकल्यासाठी पाजलेलं औषध फक्त छातीपर्यंत जाऊन थांबत नाही. ते पोटातल्या जंतूंनाही लागतं, पण त्यांचा निकाल लागेल इतकं लागत नाही. लाखो जंतूंत एखाद्याच्या जनुकात योगायोगानं बदल झालेला असतो. बाकीचे मरतात, तो उरतो, आणि पुढची सगळी वस्ती त्याची.

"म्हणजे आम्हीच हे करून ठेवलं?" बायकोनं विचारलं.

"तसंच काही नाही, आई," डॉक्टर म्हणाले. हा जंतू बहुतेकांना लहानपणीच लागतो, तोही घरातूनच. भारतात निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांच्या पोटात तो असतो आणि त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर काही त्रास होत नाही. तेव्हा मनूच्या पोटात आला तोच औषधाला दाद न देणारा आला असेल, हेही शक्य आहे. फाईलवरून अंदाज बांधता येतो, निदान करता येत नाही. फाईलनं फक्त एवढं सांगितलं, की अंदाजानं दुसरं किट देण्यात अर्थ नाही.

क्लॅरिथ्रोमायसिनचा डोस वाढवून चालणार नाही का, असं मी विचारलं. अडतीवर माल कमी पडला की वजन वाढवायचं, हे माझं डोकं. त्याचं उत्तर मला फार आवडलं. हे औषध जंतूच्या पेशीत प्रथिनं तयार करणारी जी यंत्रणा असते, तिला जाऊन चिकटतं आणि ती बंद पाडतं. जंतूच्या जनुकातलं एक अक्षर बदललं की चिकटायची ती जागाच बदलते. मग औषध कितीही ओता, ते चिकटतच नाही. मेट्रोनिडॅझोलचं तसं नाही. तिथं लॅबमध्ये जंतू दाद देत नसला तरी डोस, दिवस आणि जोडीची औषधं वाढवून पुष्कळदा काम भागतं. अमॉक्सिसिलिनला हा जंतू सहसा दाद देतो, कितीही वर्षं वापरात असलं तरी.

रक्तातल्या अँटिबॉडीच्या त्या रिपोर्टकडं त्यांनी फारसं पाहिलंही नाही. जंतू कधीतरी शरीरात आला होता एवढंच त्यावरून कळतं. आज तो आहे का, आणि दुखणं त्याच्यामुळंच आहे का, हे कळत नाही. मुलांमध्ये नुसता जंतू सापडला म्हणून औषध देत नाहीत. आधी दुर्बीण घालून आत काय झालंय ते बघतात, जठराच्या अस्तराचा बारीक तुकडा काढतात, आणि जमलं तर जंतू वाढवून त्याच्यावर कुठलं औषध चालतं ते तपासतात. मनूला रात्रीची उठवणारी कळ होती, वजन थांबलं होतं, रक्त कमी होतं, म्हणून दुर्बीण. माझ्या धाकट्याचंही तपासा म्हणून बायकोनं आग्रह धरला, तर डॉक्टर नाही म्हणाले. त्याला काही होत नाही ना? मग शोधायचं कशाला? ही गोष्ट तिला अजून पटलेली नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही पटायला वेळ लागला.

ह्या सगळ्यात सगळ्यात अवघड गेलं ते थांबणं. दुर्बिणीआधी चार आठवडे कुठलंही अँटिबायोटिक नाही, आणि दोन आठवडे आम्लाची गोळी नाही. नाहीतर जंतू दबून बसतो आणि तुकड्यात सापडत नाही. गोळी बंद झाल्यावर मनूच्या रात्री पुन्हा वाईट गेल्या. साधं पातळ अँटासिड तेवढं चालणार होतं. त्यात तिला सर्दी-खोकला झाला. शेजारचे, शाळेतले, अडतीवरचे, सगळे एकच वाक्य बोलत होते: "अझी द्या की तीन दिवस." आजीनं तर बाटली आणून ठेवली होती. गरम पाणी, मध आणि वाफ यावर खोकला आठ-दहा दिवसांत आपला आपण गेला. जायचाच होता.

तोवर मी पुण्याच्या लॅबला फोन करत होतो. हा जंतू वाढवून देणाऱ्या लॅब थोड्या आहेत, कारण जंतू नाजूक. हवेत एकवीस टक्के ऑक्सिजन असतो, ह्याला पाच टक्क्यांच्या आसपासच लागतो. उघड्यावर राहिला तर मरतो, सुकला तर मरतो, उशीर झाला तरी मरतो. फोनवरच्या बाई फार नीट बोलल्या. तुकडा आम्ही देतो त्याच बाटलीत घाला, बर्फाच्या डब्यात ठेवा पण गोठू देऊ नका, त्याच दिवशी पोचवा, आणि शुक्रवारी अजिबात पाठवू नका. डॉक्टरांचा मिरजेचा दिवस नेमका शुक्रवार. हा घोळ मिटवायला डॉक्टरांनी मधल्या वारी येण्याचं कबूल केलं, हे त्यांचे उपकार.

दुर्बिणीच्या दिवशी मनू रात्रीपासून उपाशी होती. भूल देणाऱ्या मॅडमनी तिला विचारलं, "उठल्यावर पहिलं काय खायचं?" ती म्हणाली, "भडंग." सांगलीच्या पोरीनं दुसरं काय म्हणावं? भडंगानं अल्सर होत नाही, हे त्या दिवशी मला डॉक्टरांकडून अधिकृत कळलं. घरात तिखटावरून चाललेली वर्षभराची भांडणं मिटली.

आत गेल्यावर फार वेळ लागला नाही. डॉक्टरांनी नंतर स्क्रीनवर दाखवलं. जठराच्या खालच्या भागाचं अस्तर गुळगुळीत असायला हवं, तिथं बारीक बारीक गाठी उठल्या होत्या. मुलांमध्ये हा जंतू असला की असं दिसतं म्हणे. आणि पुढं, लहान आतड्याच्या तोंडाशी, पांढुरक्या तळाचा एक अल्सर. वर्षभराची कळ तिथं होती. वेगवेगळ्या जागचे तुकडे काढले: काही सूक्ष्मदर्शकाखाली बघायला, एक लगेचच्या चाचणीला, एक कल्चरला, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवायला, आणि एक राखीव. कल्चरमध्ये जंतू वाढलाच नाही तर राखीव तुकड्यातून निदान क्लॅरिथ्रोमायसिनचं जनुक तरी तपासता येईल, म्हणून.

लगेचच्या चाचणीचं मला नवल वाटलं. बोटाच्या पेराएवढ्या पट्टीवर पिवळ्या जेलचा एक ठिपका. त्यात तांदळाच्या कणीहून लहान तुकडा टोचला. हा जंतू युरियापासून अमोनिया बनवतो आणि त्याच्या आडोशानं पोटातल्या आम्लात तग धरतो. जेलमध्ये युरिया असतो. अमोनिया झाला की रंग बदलतो. नर्सबाईंनी पट्टी माझ्यासमोर ट्रेमध्ये ठेवली. तुकड्याभोवती आधी केशरी कडा आली, मग गुलाबी, आणि मी सही करून पैसे भरून येईपर्यंत अख्खा ठिपका गडद गुलाबी झालेला.

मनू शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी तिला बॅरी मार्शल यांची गोष्ट सांगितली. ऑस्ट्रेलियात पर्थला ते आणि रॉबिन वॉरन सांगत होते की अल्सर जंतूमुळं होतो, आणि कोणी ऐकेना. शेवटी १९८४ मध्ये मार्शल यांनी जंतूंचा घोट स्वतःच पिऊन टाकला आणि पोट सुजवून घेतलं. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. मनू "ईऽऽ" म्हणाली आणि पुन्हा झोपली.

मी आणि मेहुणा तुकडा घेऊन निघालो. मांडीवर थर्माकोलचा डबा, आत बर्फाच्या पिशव्या, मध्ये अंगठ्याएवढी बाटली. सांगली ते पेठ रस्त्याची ख्याती सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. तिथं डबा हातात धरून बसलो, पुढं हायवेला लागल्यावर खाली ठेवला. कराडला चहाला थांबू म्हणाला मेहुणा, मी थांबू दिलं नाही. साताऱ्यालाही नाही. खंबाटकीत ट्रकांच्या मागं अडकलो तेव्हा दोघंही एकमेकांशी बोलायचे बंद झालो होतो. लॅब बंद व्हायच्या आत पोचलो. काउंटरवरच्या मुलानं डब्यात तापमान बघितलं, कागदावर वेळ टाकली आणि म्हणाला, "वाढेलच असं नाही हं, सर." हे वाक्य परतीच्या वाटेवर चहा पितानाही डोक्यातून गेलं नाही.

जंतू वाढला. पण सावकाश वाढतो हा गडी. नेहमीच्या लघवीच्या कल्चरचा रिपोर्ट दोन-तीन दिवसांत येतो, ह्याला आठवडा लागला, मग त्यावर औषधं लावून बघायला आणखी दिवस. रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांनी लॅबनं पाठवलेले फोटो मोबाईलवर मोठे करून दाखवले. तांबड्या बशीभर जंतूंचा पातळ थर, आणि मधोमध औषध लावलेली पट्टी. अमॉक्सिसिलिनच्या पट्टीभोवती बदामाच्या आकाराची स्वच्छ मोकळी जागा. औषध जिथवर पसरलं तिथवर जंतू उगवलाच नव्हता. क्लॅरिथ्रोमायसिनच्या बशीत पट्टीला खेटून जंतू वाढलेला, जणू पट्टी कोरीच आहे. मेट्रोनिडॅझोलच्या बशीतही तसंच.

मला तो फोटो बघून त्या सात दिवसांच्या किटचा राग आला. क्लॅरिथ्रोमायसिन पोरीनं नाक धरून गिळलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ मध्ये नव्या औषधांची तातडीनं गरज असलेल्या जंतूंची यादी काढली, तिच्यात क्लॅरिथ्रोमायसिनला न जुमानणारा एच. पायलोरी तीनपैकी दुसऱ्या, 'उच्च प्राधान्य' गटात होता, हे मी नंतर वाचलं. यादीत नाव आल्यानं गल्लीतल्या मेडिकलमध्ये काय फरक पडतो, ते आपण बघतोच. अँटिबायोटिकच्या पाकिटावर उभी लाल रेघ असते, चिठ्ठीशिवाय घेऊ नका म्हणून. ती रेघ कशाची, असं मी यार्डातल्या हमालांपासून व्यापाऱ्यांपर्यंत सगळ्यांना विचारलं. कुणालाच सांगता आलं नाही.

उपचार ठरला चार औषधांचा, चौदा दिवस. आम्लाची गोळी, बिस्मथ, वजनाच्या हिशेबानं वाढीव अमॉक्सिसिलिन, आणि वाढीव मेट्रोनिडॅझोल. आठ वर्षांच्या आत टेट्रासायक्लिन देत नाहीत, दातांवर कायमचे डाग पडतात म्हणून. मनूला ते चाललं असतं, पण अमॉक्सिसिलिन चालतंय हे डोळ्यांनी दिसत होतं. आम्लाची गोळी कशाला, हेही विचारून घेतलं. पोटात आम्ल जास्त असलं की जंतू वाढायचा थांबून पडून राहतो, आणि अमॉक्सिसिलिन वाढणाऱ्या जंतूलाच मारतं. आम्ल उतरलं की तो वाढायला लागतो आणि सापडतो. मुलांच्या शरीरात ही गोळी लवकर निकालात निघते, म्हणून वजनाच्या मानानं त्यांना मोठ्या माणसापेक्षा जास्त लागते.

बिस्मथसाठी मात्र सांगली-मिरज पालथी घातली. पडून राहणारा माल कुणी ठेवत नाही, हे अडतीवरचा माणूस म्हणून मला कळतं. शेवटी एका होलसेलवाल्यानं मागवून दिलं.

ते चौदा दिवस बायकोनं काढले, मी नाही. स्वयंपाकघराच्या दारामागं तिनं तक्ता चिकटवला. आम्लाची गोळी खाण्याआधी अर्धा तास, बाकीची खाल्ल्यावर. मेट्रोनिडॅझोलनं तोंडाला पितळ चाटल्यासारखी चव येते. मनू म्हणायची, पाणीसुद्धा गंजकं लागतंय. शिकरणात गोळी लपवायचा प्रयोग पहिल्याच दिवशी फसला, मग गोळी आधी आणि शिकरण बक्षीस, असा सौदा ठरला. बिस्मथनं शी काळी होते आणि जीभही काळसर दिसते हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, नाहीतर आम्ही रक्त पडतंय म्हणून रात्री मिरजेला पळालो असतो. शाळेत जीभ दाखवून तिनं दोन पोरींना घाबरवलं. आठव्या दिवसापासून मळमळ वाढली आणि "आता बरं वाटतंय, बास करू" हा विषय रोज निघायला लागला. एकही डोस चुकला नाही. औषधं लागू असली तरी डोस गाळले तर जंतू सुटतो, आणि सुटलेला पुढच्या वेळी आणखी चिवट होऊन भेटतो, हे तिनं मनूला बसवून समजावलं होतं.

जंतू गेला का, हे दुखणं थांबण्यावरून ठरत नाही. औषधं संपल्यावर किमान चार आठवडे थांबून तपासायचं, आणि आम्लाची गोळी दोन आठवडे बंद हवी. दुर्बीण पुन्हा घालावी लागत नाही. शौचाची चाचणी चालते किंवा श्वासाची. आम्ही श्वासाची केली. आधी एका पिशवीत फुंकायचं, मग युरियाचं पाणी प्यायचं, अर्ध्या तासानं दुसऱ्या पिशवीत फुंकायचं. पोटात जंतू असेल तर तो युरिया फोडतो आणि त्यातला खुणेचा कार्बन श्वासातून बाहेर येतो. मुलांसाठी कार्बन-१३ वापरतात, त्यात किरणोत्सर्ग नसतो. कार्बन-१४ वालीही चाचणी असते, तेव्हा कुठली आहे ते विचारून घ्यावं. रिपोर्ट निगेटिव्ह आला. लोहाच्या गोळ्या चालू आहेत, आणि आता हिमोग्लोबिन चढतंय.

खर्च बराच झाला. बायकोची भिशी त्यातच गेली. कुणाला ह्या वाटेनं जायचं असेल तर दुर्बिणीची तारीख घेण्याआधी लॅबला फोन करा आणि कुठल्या वारी तुकडा घेतात, बाटली कोण देणार, किती तासांत पोचवायचा, हे विचारा. कल्चरसाठी वेगळा तुकडा काढायला डॉक्टरांना आदल्या दिवशी आठवण करा. बिस्मथ आधीच मागवून ठेवा. आणि तुकडा घेऊन गाडीनं जाणार असाल तर पेठ नाक्यापर्यंतचा वेळ दुप्पट धरा.